आरसी (रिमोटवरच्या) हेलिकॉप्टरचं पिच आणि थ्रॉटल सेटिंग, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

ड्रोन उडवून हेलीकडे आलेल्या प्रत्येकाचा एकच घोळ होतो, डावी स्टिक म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर असं डोक्यात बसलेलं असतं, वर केली की मोटर जोरात फिरणार आणि हेली वर जाणार. कलेक्टिव्ह पिचच्या हेलीत तसं नसतं. इथे वरचा पंखा जवळपास एकाच स्पीडने फिरत राहतो आणि वर-खाली जायचं काम ब्लेडचा कोन करतो, त्या कोनालाच पिच म्हणायचं. थ्रॉटलचं काम एवढंच की पिच कितीही बदलला तरी पंख्याचा स्पीड, म्हणजे हेडस्पीड, पडू द्यायचा नाही. दोन्ही गोष्टी एकाच स्टिकवर आहेत म्हणून गोंधळ होतो, पण रेडिओत (हातातल्या रिमोटात) त्यांचे कर्व्ह, म्हणजे स्टिक कुठे असताना किती याचे आकडे, वेगळे असतात आणि ते वेगळेच सेट करायचे, आधी पिच मग थ्रॉटल, आणि पिचचं सगळं काम मोटर बंद असताना घरी टेबलावर.

मी ४५० साइजची इलेक्ट्रिक हेली धरून लिहितोय, ३२५ मिमीचे ब्लेड, ३एस (तीन सेलची) बॅटरी, फ्लायबारलेस युनिट (हेली स्थिर ठेवणारा इलेक्ट्रॉनिक डबा), मोड २ रेडिओ (पिच-थ्रॉटल डाव्या स्टिकवर). नवीन माणसाकडे साधारण हेच असतं. नायट्रो इंजिनवाल्यांना पिचचा भाग जसाच्या तसा लागू आहे, थ्रॉटलमध्ये मात्र कार्बोरेटरची सुई, इंजिनाचं तापमान वगैरे वेगळंच प्रकरण आहे, ते इथे नाही.

कुठे उडवायचं ते आधी

मुंबईत राहून हा छंद म्हणजे सेटिंग घरी आणि उडवणं गावाबाहेर, हे धरूनच चालायचं. शिवाजी पार्क, आझाद मैदान, सोसायटीची गच्ची हे विषय सोडून द्या. मुंबई पोलीस वेळोवेळी आदेश काढतात त्यात ड्रोनबरोबर रिमोटवर चालणारी छोटी विमानं पण येतात, आणि समजा आदेश नसला तरी ४५० चे ब्लेड काय असतात ते एकदा गणित करून बघा. पंख्याचा व्यास साधारण ७१ सेंमी, २५०० आरपीएम, म्हणजे ब्लेडच्या टोकाचा वेग ताशी ३३५ किमीच्या आसपास. गच्चीवर शेजारच्यांची पोरं पतंग उडवतायत तिथे हे काढायची वस्तूच नाही.

ड्रोन रूल्स २०२१ प्रमाणे २५० ग्रॅम ते २ किलो म्हणजे मायक्रो, आपली ४५० त्यात बसते. सरकारच्या डिजिटल स्काय साइटच्या नकाशावर जागा बघायची, लाल झोनमध्ये केंद्राच्या परवानगीशिवाय नाही, पिवळ्यात एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रणाची) परवानगी लागते. पनवेलकडची मोकळी रानं पूर्वी बरी वाटायची, आता उलव्याला नवा विमानतळ झालाय त्यामुळे तिकडचा नकाशा पण प्रत्येक वेळी नव्याने बघा. कर्जतच्या पुढे एखाद्याचं शेत असेल आणि मालकाला विचारून जात असाल तर उत्तम, भात काढून झाल्यावर जमीन सुकलेली असते तेव्हा. आणि सकाळी लवकर जा, दुपारी समुद्राकडून वारा सुरू झाला की नवीन माणसाला कळतच नाही की हेली सेटिंगमुळे हलतेय का वाऱ्यामुळे.

सामान

फार काही लागत नाही. ब्लेडचा कोन मोजायचं पिच गेज (डिजिटल मिळालं तर बरं), स्वॉशप्लेट (मेन शाफ्टवरची, ब्लेडचा कोन बदलणारी चकती) लेव्हल करायचं टूल, चांगले हेक्स ड्रायव्हर, बॉल लिंक काढायचा पक्कड, निळा थ्रेडलॉक. ड्रायव्हरवर पैसे वाचवू नका, स्वस्तातला दीड एमएमचा ड्रायव्हर एका दिवसात गोल होतो आणि जाताना स्क्रूचं डोकं पण गोल करून जातो. कनेक्टर, सिलिकॉन वायर, सोल्डर लॅमिंग्टन रोडला मिळेल, स्क्रू-बेअरिंग-हत्यारं यासाठी नागदेवी स्ट्रीट. थ्रेडलॉक फक्त धातूत धातू जातो तिथे लावायचा, प्लॅस्टिकला लागला तर प्लॅस्टिक तडकतं, आणि डायनिंग टेबलावर काम करत असाल तर खाली जुना पेपर घाला नाहीतर घरून वेगळं ऐकून घ्यावं लागेल.

टेबलावर: रेडिओ कोरा करा

मोटरच्या तीनपैकी दोन वायर तरी ईएससीपासून (मोटरचा स्पीड सांभाळणाऱ्या कंट्रोलरपासून) काढून ठेवा. तिन्ही काढल्या तर अजून चांगलं, परत लावताना क्रम चुकू नये म्हणून मार्करने खूण करा. मोटर बंद ठेवणारा होल्डचा स्विच आहे ना, मग वायर कशाला काढायच्या असं वाटेल, पण सेटिंग करताना आपण कर्व्ह, चॅनल, रिव्हर्स सगळं उलटसुलट करत असतो, होल्डवर भरवसा ठेवायची ती वेळ नाही.

रेडिओत नवीन हेली मॉडेल घ्या. सबट्रिम (सर्वोच्या मध्याची बारीक दुरुस्ती) शून्य, ट्रिम शून्य, ट्रॅव्हल १००, आणि दोन्ही कर्व्ह सरळ रेषा, ०-२५-५०-७५-१००. फ्लायस्काय असो, रेडिओमास्टर असो, पाच पॉइंटचा कर्व्ह सगळ्यांत मिळतो, तेवढा पुरतो.

आता एक गोष्ट जिथे खूप लोक अडकतात. फ्लायबारलेस युनिट असेल तर तीन सर्वोंचं (स्वॉशप्लेट हलवणाऱ्या छोट्या मोटरींचं) मिक्सिंग, म्हणजे तिघांनी मिळून कसं हलायचं ते, ते युनिट करतं, रेडिओने करायचं नाही. म्हणजे रेडिओत स्वॉशचा प्रकार १२० डिग्री न ठेवता साधा, मिक्सिंग नसलेला ठेवायचा (कुठे एक सर्वो लिहिलेलं असतं, कुठे ९० डिग्री), आणि १२० युनिटमध्ये निवडायचं. दोन्हीकडे १२० ठेवलं की मिक्सिंगवर मिक्सिंग होतं, स्टिक वर केली तर स्वॉशप्लेट वाकडीतिकडी नाचते आणि माणूस सर्वो खराब म्हणून परत पाठवायला निघतो.

शून्य पिच

यातच सगळ्यात जास्त वेळ द्या. स्टिक बरोबर मध्ये, ५० टक्क्यांवर. युनिटमध्ये सर्वो सेंटरचं पान उघडा. तिन्ही सर्वोंचे हॉर्न (सर्वोवरचे आडवे हात) लिंकच्या, म्हणजे स्वॉशप्लेटला जोडणाऱ्या काडीच्या, काटकोनात पाहिजेत. सर्वोच्या दांड्यावर दात असतात त्यामुळे हॉर्न कधीच बरोब्बर बसत नाही, थोडा तिरका राहतोच, अशा वेळी हॉर्न काढून एकेक दात फिरवून, कधी उलटी बाजू लावून, सगळ्यात जवळचं मिळतं तिथे बसवा आणि उरलेलं युनिटच्या सबट्रिमने ओढा. रेडिओच्या सबट्रिमने नाही. हॉर्नचा मधला स्क्रू घट्ट करताना हॉर्न बोटांनी धरून ठेवा, सगळा जोर सर्वोच्या गिअरवर जाऊ देऊ नका, छोट्या सर्वोचा गिअर तेवढ्यानेही कटतो.

मग लेव्हलिंग टूल मेन शाफ्टवर चढवा, स्वॉशप्लेट तिन्ही बाजूंनी टूलला सारखी टेकली पाहिजे. उजेडाकडे धरून बघा, कुठे फट दिसते का. दिसली तर त्या बाजूच्या सर्वोचा सबट्रिम दोन-चार पॉइंट हलवा, जास्त लागत असेल तर खालची लिंक एक पूर्ण फेरा फिरवा. बॉल लिंकवर एका बाजूला अक्षर किंवा खूण असते, ती बाजू बाहेर, नाहीतर लिंक बॉलवर घट्ट बसते आणि सर्वो कण्हत राहतो.

स्वॉशप्लेट लेव्हल झाली की ब्लेडला पिच गेज लावा. स्टिक मध्येच आहे, दोन्ही ब्लेडना शून्य यायला पाहिजे. एकाला शून्य आणि दुसऱ्याला +१ येत असेल तर दुसऱ्याची वरची लिंक फिरवा. दोघांना +१ येत असेल तर दोन्हीच्या लिंक सारख्या फिरवा. डिजिटल गेज असेल तर आधी फ्लायबार नसलेल्या हेडच्या सपाट भागावर शून्य करून मग ब्लेडवर लावायचं, टेबल सपाट असेल याची खात्री कोण देणार, मुंबईतल्या जुन्या चाळीतल्या फरशा तर नाहीच.

वरचं आणि खालचं टोक

आता युनिटच्या कलेक्टिव्ह पिचच्या पानावर जा, स्टिक पूर्ण वर, गेज बघा, +११ येईल असं सेट करा. पूर्ण खाली, −११. दोन्ही बाजू सारख्या आल्या पाहिजेत, +११ आणि −९ असं येत असेल तर शून्य नीट झालेलं नाही, मागे जा. ४५० ला ११ पुरे, काही लोक १३ लावतात ते थ्रीडीवाले (उलटसुलट कसरती करणारे), त्यांची मोटर-बॅटरी वेगळी असते.

मग स्टिक पूर्ण वर ठेवून उजवी स्टिक चारही कोपऱ्यांत हळू फिरवा, पूर्ण खाली ठेवून परत तसंच. कुठे लिंक फ्रेमला घासते का, स्वॉशप्लेट वर हेडच्या भागाला टेकते का, सर्वोचा आवाज बदलून गुरगुर येते का. आली तर तिथे बाइंडिंग आहे, सायक्लिक (उजव्या स्टिकने स्वॉशप्लेट कलते ती हालचाल) थोडा कमी करा. हवेत हे झालं तर सर्वो तिथेच अडकतो.

पिच कर्व्ह

आता रेडिओत या. ±११ म्हणजे ० ते १०० टक्के, मग मधले आकडे सरळ हिशोबाने निघतात, ५० म्हणजे ० डिग्री, ७३ म्हणजे साधारण +५, ९५ म्हणजे जवळपास +१०, ३६ म्हणजे −३. नॉर्मल मोडसाठी मी हा कर्व्ह सुचवतो: ३६-४३-५०-७३-९५.

बऱ्याच ठिकाणी सांगतात की नॉर्मलमध्ये स्टिक मध्ये असताना +५ ठेवा म्हणजे हॉवर (हवेत एका जागी थांबणं) बरोबर मध्ये होतो. नवीन माणसाला ते सोपं वाटतं हे खरं, पण पुढे आयडल अपला (स्टिक कुठेही असली तरी मोटर स्पीडला ठेवणाऱ्या मोडला) गेलात की मध्ये शून्य असतं आणि हाताला लागलेली सवय मोडावी लागते, मोडेपर्यंत एक-दोन सेट ब्लेड जातात. त्यापेक्षा पहिल्यापासून मध्ये शून्य आणि हॉवर पाऊण स्टिकवर, हाताला तेच वळण लागू दे. खाली −३ एवढ्यासाठी की उतरताना वाऱ्याने हेली तरंगत राहिली तर खाली आणता येते, आणि घाबरून स्टिक एकदम खाली ओढली तरी जमिनीत आपटायचा जोर कमी.

होल्डचा पिच कर्व्ह पण हाच ठेवा. मोटर हवेत बंद पडली आणि होल्ड मारला तर पिच अचानक बदलता कामा नये.

थ्रॉटल: आधी ईएससीची ओळख

ईएससीला रेडिओचं शून्य कुठे आणि शंभर कुठे हे शिकवावं लागतं. थ्रॉटल कर्व्ह सरळ ०-१०० हवा, होल्ड बंद, स्टिक पूर्ण वर, बॅटरी लावा, बीप आले की स्टिक पूर्ण खाली. पण बीप मोटरमधूनच येतात, मोटर काढलेली असेल तर काहीच ऐकू येणार नाही. म्हणून या एका पायरीला मोटर जोडायची, आणि त्याआधी मेन ब्लेड आणि टेलचे ब्लेड दोन्ही काढायचे, पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) मेन गिअरपासून मागे सरकवायचा. वेळ जातो, जाऊ दे. प्रत्येक ईएससीचे बीप वेगळे, मॅन्युअल बघा.

गव्हर्नर असेल तर चालू करा, सॉफ्ट स्टार्ट पण. गव्हर्नर म्हणजे ईएससी स्वतःच हेडस्पीड धरून ठेवतो, लोड आला की करंट वाढवतो. आजकाल हेलीसाठी म्हणून मिळणाऱ्या बहुतेक ईएससीत असतो.

हेडस्पीडचा अंदाज कागदावर काढता येतो. मोटरचा केव्ही (एका व्होल्टला किती आरपीएम ते) गुणिले व्होल्टेज, भागिले गिअर रेशो. समजा मोटर ३५०० केव्हीची, ३एस म्हणजे ११.१ व्होल्ट, पिनियन १३ दातांचा, मेन गिअर १५० चा. रेशो ११.५४. ३५०० × ११.१ = ३८,८५०, त्याला ११.५४ ने भागलं की ३,३६६. हे कागदावरचं, लोडवर १५ टक्के तरी जातात, म्हणजे फुल थ्रॉटलला २,८५० च्या आसपास. शिकणाऱ्याला २,२०० ते २,४०० हवेत. पिनियन एक दात लहान घेतला तर हेडस्पीड खाली येतो आणि मोटर-ईएससी पण थंड राहतात, गव्हर्नर ५०-५५ वर चालवण्यापेक्षा हे बरं, कारण कमी थ्रॉटलवर ईएससी उलट जास्त तापतो.

गव्हर्नर असेल तर नॉर्मलचा थ्रॉटल कर्व्ह ०-७०-७०-७०-७०. ९० च्या वर लावू नका, लोड आल्यावर वाढवायला त्याच्याकडे काही शिल्लक पाहिजे ना. गव्हर्नर नसेल तर ०-४५-६५-७२-८० पासून सुरुवात करा. हे आकडे फक्त सुरुवातीचे आहेत, खरे आकडे शेतात मिळतात.

शेतात, पहिलं स्पूल अप (पंखा स्पीडला आणणं)

बॅटरी लावायच्या आधी होल्ड चालू, स्टिक खाली. एका ब्लेडच्या टोकाला लाल टेप लावलेली असू दे, दुसऱ्याला तेवढीच पांढरी म्हणजे वजन सारखं राहतं. ब्लेडचे बोल्ट फार घट्ट नकोत, हेली आडवी धरून हलका झटका दिला तर ब्लेड हलले पाहिजेत. जमिनीवर जुनं रबरी मॅट टाका, भाताच्या धसकटात टेल अडकते. मग सात-आठ मीटर मागे या, सोबत आलेल्यांना तुमच्या मागे उभं करा, बाजूला नाही, होल्ड काढा आणि स्टिक हळूच वर सरकवा.

हळूहळू स्पीड घेईल. मध्येच फ्रेम थरथरली आणि पुढे शांत झाली तर ठीक, पूर्ण स्पीडला पण थरथरत असेल तर होल्ड मारा, उडवायचं नाही, ब्लेडचं बॅलन्स किंवा वाकलेला शाफ्ट बघा.

हेली जमिनीवर हलकी होईल एवढा पिच द्या आणि वाकून पंख्याच्या कडेच्या लेव्हलला बघा. एकच रेघ दिसली तर ट्रॅकिंग बरोबर, म्हणजे दोन्ही ब्लेड एकाच पातळीत. लाल वर आणि पांढरी खाली अशा दोन रेघा दिसल्या तर लालची लिंक पिच कमी होईल अशी फिरवा किंवा पांढरीची उलटी, घरी गेजवर कुठला ब्लेड शून्यावरून हललेला वाटत होता त्यावर ठरवा. थांबवून, बॅटरी काढून, मग लिंकला हात.

आता हॉवर. पाऊण स्टिकच्या आसपास हेली उचलली पाहिजे. बरीच आधी उचलत असेल तर हेडस्पीड जास्त आहे, स्टिक जवळजवळ वर गेली तरी जड वाटत असेल तर कमी आहे, दोन्ही वेळेला थ्रॉटलचा आकडा बदला. पिच कर्व्हला हात लावू नका, तो टेबलावर मोजून केलाय. नेमकं हेच लोक उलटं करतात, उचलत नाही म्हणून पिच वाढवतात, मग मोटर अजून दमते, हेडस्पीड अजून पडतो, टेल धरत नाही, आणि म्हणतात जायरो (टेल स्थिर ठेवणारा सेन्सर) खराब आहे. चार माणसं बसवून रिक्षा खंडाळ्याचा घाट चढवायची आणि रिक्षाला शिव्या द्यायच्या, तसं ते. एप्रिल-मेच्या उन्हात हवा पातळ होते तेव्हा हॉवरला स्टिक नखभर जास्त लागते, तेवढ्यासाठी काही बदलायची गरज नाही.

हॉवर जमला की कान लावा. हेलीच्या सेटिंगमध्ये कान हे गेजपेक्षा कमी नाही. हॉवरमधून स्टिक झटक्यात वर, हेली वर जाते, आवाज कसा होतो? एकसारखा ‘घूंऽऽ’ राहिला तर छान. आवाज खाली बसत गेला, जाड झाला, सोबत नाक एका बाजूला सरकलं, तर पंख्याला पिच झेपत नाहीये. गव्हर्नरला वर जागा असेल तर थ्रॉटल पाच टक्के वाढवा, नसेल तर पिचचं वरचं टोक ९५ चं ९० करा, नंतर ८५. ८५ म्हणजे पण +७.७ आहे, शिकायला भरपूर झालं. वर केलेल्या नियमाला हा एकच अपवाद, टोक छाटायचं, मध्य हलवायचा नाही. आणि बॅटरी जुनी असेल तर नव्या बॅटरीवर एकदा करून बघा, फुगलेल्या लायपो बॅटरीवर कुठलंच सेटिंग खरं नसतं.

गव्हर्नर नसलेल्यांनी उतरताना पण ऐका. पिच कमी झाला, लोड गेला, आवाज चढत गेला तर त्या जागचा थ्रॉटल दोन-तीन टक्के कमी. एका वेळी एकच पॉइंट बदला. सरळ खाली उतरताना हेली डगमगायला लागली आणि पिच देऊनही खालीच जात राहिली तर ते सेटिंग नाही, ती स्वतःच्याच खाली ढकललेल्या हवेत सापडलीय, पुढे ढकलून बाहेर काढा.

आयडल अप

हॉवर, पुढे-मागे, गोल फेऱ्या जमल्या की मग. गव्हर्नर असेल तर थ्रॉटल सपाट ७५-७५-७५-७५-७५. नसेल तर व्ही आकार, ८८-८०-७५-८०-८८ असा काहीतरी, कारण मध्ये पिच शून्य म्हणजे लोड सगळ्यात कमी आणि दोन्ही टोकांना सगळ्यात जास्त. पिच कर्व्ह पहिले काही महिने नॉर्मलचाच ठेवा. पूर्ण −११ चा लावलात तर जमिनीवर स्टिक खाली असताना स्विच मारायचा नाही हे बोटांना माहीत पाहिजे, कारण आयडल अपमध्ये खाली म्हणजे मोटर बंद नव्हे, खाली म्हणजे पूर्ण जोरात जमिनीकडे, हेली जागच्या जागी आडवी होते आणि ब्लेड बूम (शेपटीची दांडी) कापतो. त्या कर्व्हवर उतरल्यावर थांबवायचं ते होल्डनेच, स्टिक मध्ये ठेवून.

हेडस्पीड वाढला की टेल भराभरा थरथरते, जायरोचा गेन (तो किती जोरात दुरुस्ती करतो ते) थोडा कमी करा. हेडस्पीड कमी केला तर गेन थोडा वाढवा.

उतरल्यावर

बॅटरी काढा आणि मोटर, ईएससी, बॅटरी तिन्हींना बोट लावा. बोट तीन-चार सेकंद टिकत नसेल तर पिच जास्त आहे किंवा पिनियन मोठा. टायमर असा ठेवा की बॅटरीत २० टक्के उरतील. घरी नेताना लायपो फायरप्रूफ पिशवीत, कनेक्टरला टोपी घालून, लोकलच्या गर्दीत सुटी बॅटरी किल्ल्यांबरोबर बॅगेत टाकून उभं राहू नका. पुढच्या वेळेपर्यंत ३.८ व्होल्ट प्रति सेलवर ठेवून द्या, पावसाळ्यात तर चार महिने तशाच पडून राहणार आहेत. त्या दमट हवेत बेअरिंग पण गंजतात, जूनच्या आधी मेन शाफ्ट आणि टेलच्या बेअरिंगला तेलाचा थेंब द्या.

ब्लेड बदलले, लिंक बदलली, किंवा हेली नुसती कलंडली तरी शून्य पिच परत मोजायचा, गेज काढायला आळस करू नका. आणि शेतात आकडे बदलायच्या आधी रेडिओत मॉडेलची कॉपी करून नावात तारीख टाका, दुपारी उन्हात डोकं चालेनासं झालं की सकाळचे आकडे परत लावता येतात.